कागद कंपनीचे, शिक्का तुमचा

वाचकाचं पत्र:

«मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. कामाचा परवाना हातात आल्यावर नोटरीचा सहा तासांचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि गेले चार महिने लोन सायनिंग एजंट म्हणून घरोघरी जाऊन गृहकर्जाच्या कागदांवर सह्या घेते. काम आवडतं, पण दमछाक होते. कागद निघायच्या तासभर आधी ईमेलवर येतात. १६० पानांचा संच, दोन प्रती, वर स्कॅन करून पाठवा म्हणतात आणि हातात ८५ डॉलर. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या लायसन्सवर मधलं नाव नव्हतं, डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, होतं. मला काम देणाऱ्या सायनिंग कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, ‘नेम ॲफिडेव्हिट आहे ना, करून टाका.’ मी केलं नाही, आता ते मला काम देत नाहीत. दुसऱ्या एका कंपनीकडे तीन कामांचे पैसे दोन महिने अडकलेत. मराठी कुटुंबात गेलं की लोक व्याजदर बरा आहे का ते मलाच विचारतात. आणि एका मैत्रिणीला पुण्याच्या फ्लॅटसाठी मुखत्यारपत्र करून हवंय. मी चुकतेय कुठे?»

लायसन्सच्या प्रकरणात तुम्ही चुकला नाहीत, म्हणून आधी तेच घेऊ. बाकीच्या अडचणी पैशाच्या आणि वेळेच्या आहेत, त्या सुधारता येतात. ही एक चूक मात्र नंतर सुधारता येत नाही.

तुम्ही एकाच टेबलावर दोन कामं करता. एजंट म्हणून तुम्ही कंपनीच्या सूचनेप्रमाणे कागद छापता, नेता, सह्या घेता, परत पाठवता. शिक्का उचलता तेव्हा तुम्ही कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटनं नेमलेल्या नोटरी असता, आणि तिथे कंपनीचा शब्द चालत नाही. ॲक्नॉलेजमेंटच्या दाखल्यावर (सही करणारी व्यक्ती समोर आली आणि तिची ओळख पटली, असं सांगणारा दाखला) तुम्ही खोटं विधान केलं तर शिक्षा होईल या जबाबदारीवर सही करता. जाणूनबुजून खोटी गोष्ट खरी म्हणून लिहिली तर दहा हजार डॉलरपर्यंत दिवाणी दंड आहे. फोनवरच्या मुलीचं नाव त्या दाखल्यावर कुठेच नसतं. तुमचा १५,००० डॉलरचा बाँडसुद्धा तुमच्या संरक्षणासाठी नाही. बाँड कंपनी नुकसान झालेल्याला भरपाई देते आणि ती रक्कम तुमच्याकडून वसूल करते. तुमच्यासाठी असतो तो ई अँड ओ, म्हणजे कामातल्या चुकांसाठीचा विमा. तो नसेल तर पुढचं काम घेण्याआधी घ्या.

आता नेम ॲफिडेव्हिटबद्दल. तो कागद बँकेसाठी असतो: मी या या नावांनी ओळखली जाते, एवढं कर्जदार त्यात सांगते. तिच्या स्वतःच्या सांगण्यावरून तिची ओळख नोटरीपुढे सिद्ध होत नाही. ओळख पटते ती कायद्यानं मान्य केलेल्या ओळखपत्रावरून, नाहीतर शपथेवर सांगणाऱ्या विश्वासार्ह साक्षीदारांवरून. व्यवहारात दंडक असा पाळतात: ओळखपत्रावर कागदापेक्षा जास्त नाव असेल तर सहसा अडत नाही, कमी असेल तर थांबायचं. आपल्याकडे हे फार होतं, कारण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची आपली रीत. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’मध्ये जातं, लायसन्स काढताना गळतं, आणि घर घेताना कुणीतरी पासपोर्ट बघून डीडवर पूर्ण लिहितं. दहा वर्षांनी रिफायनान्सच्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घ्यायच्या वेळी ते टेबलावर येऊन पडतं. त्या बाईंकडे पासपोर्ट होता का, हा पहिला प्रश्न विचारायचा. अमेरिकन पासपोर्ट असेल आणि त्यावर पूर्ण नाव असेल तर काम तिथेच सुटतं. नसेल तर एस्क्रो ऑफिसरला (व्यवहाराचे पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या तटस्थ कंपनीतला अधिकारी) फोन करून नाव दुरुस्त केलेला कागद मागवायचा.

मुदत संपलेल्या ओळखपत्राचंही असंच होतं. कॅलिफोर्नियात मुदत संपली तरी गेल्या पाच वर्षांत दिलेलं लायसन्स नोटरीला चालतं, पण बँकेच्या सूचनेत ‘चालू मुदतीचंच हवं’ असं लिहिलेलं असू शकतं. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

याच जातीच्या आणखी तीन मागण्या तुमच्याकडे येणार आहेत, तेव्हा उत्तरं आत्ताच ठरवून ठेवा. ‘कालची तारीख घाला’ याला उत्तर एकच, ‘नाही’. ‘शिक्का फिसकटला, एक कोरा ॲक्नॉलेजमेंट भरून पोस्टानं पाठवा’ यालाही नाही. पूर्ण झालेला नोटरीचा दाखला मागाहून दुरुस्त करायची सोय कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाही. सही करणाऱ्यानं पुन्हा समोर यायचं, जर्नलमध्ये, म्हणजे नोटरीच्या नोंदवहीत, नवी नोंद, नव्या दाखल्यावर त्या दिवसाची तारीख. आणि ‘नवरा ऑफिसात अडकलाय, व्हिडिओवर दाखवते’ यालाही नाहीच. ऑनलाइन नोटरीचा कायदा कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये केला खरा, पण त्याच्या पूर्ण अंमलबजावणीची मुदत १ जानेवारी २०३० पर्यंत आहे. कॅलिफोर्नियाच्या नोटरीसमोर माणूस प्रत्यक्ष बसलेला असावा लागतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भिडेपायी तुमचं कमिशनच, म्हणजे नोटरीची नेमणूकच जाऊ शकते. ज्या कंपनीनं या कारणासाठी तुमचं नाव खाली टाकलं, तिच्या यादीत परत जायची धडपड करू नका.

आता ८५ डॉलरचा हिशेब. कागद आणि टोनर मिळून पानामागे चार सेंट धरा. १६० पानं दोनदा म्हणजे ३२० पानं, जवळजवळ १३ डॉलर. जाऊन-येऊन ४० मैल असतील तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) २०२५ च्या मैलामागे ७० सेंट या दरानं २८ डॉलर. उरले ४४. छपाई पाऊण तास, ८८० महामार्गावरच्या गर्दीतून जाऊन-येऊन दीड तास, सह्या एक तास, स्कॅन आणि कुरियर पाऊण तास: चार तास झाले. म्हणजे तासाला ११ डॉलर. कॅलिफोर्नियाचं किमान वेतन २०२५ मध्ये साडेसोळा होतं. तुमची दमछाक तुमच्या आळसामुळे नाही, या आकड्यांमुळे आहे.

म्हणून काम घेताना फी बघून ‘हो’ म्हणू नका. ‘हो’ म्हणण्याआधी चार गोष्टी मेसेजवर लेखी घ्या: साधारण किती पानं, स्कॅन करून पाठवायचे आहेत का, कागद बँकेकडून एस्क्रोकडे आले आहेत का, आणि सही झाली नाही किंवा काम रद्द झालं तर छपाईचे व फेरीचे किती मिळतील. चौथी अट सगळ्यात जास्त विसरली जाते. तुम्ही ३२० पानं छापून दारात उभ्या असता आणि कर्जदार म्हणतो, ‘आम्ही बँकेला नको म्हणून कळवलंय.’ अशा वेळी आधी ठरलेले ४०-५० डॉलर असले तर दिवस वाया जात नाही. स्कॅनसाठी वेगळे २५ मागा. पहिल्या दोन-चार कंपन्या नाही म्हणतील, पुढची देईल. पुढच्या सहा महिन्यांत सायनिंग कंपन्यांवरचं अवलंबणं कमी करून थेट एस्क्रो ऑफिसांशी ओळख वाढवा. मधला दलाल नसला की त्याच फेरीचे दीडपट-दुप्पट मिळतात. विक्रेत्याच्या सह्यांची कामंही मागून घ्या. त्यात ३०-४० पानं असतात.

छपाईला दोन ट्रेचा लेझर प्रिंटर हवा, एकात लेटर, दुसऱ्यात लीगल कागद. एकाच संचात दोन्ही आकार मिसळलेले येतात. ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर लीगलचं पान आक्रसून लेटरवर येतं आणि अक्षर बारीक झालं म्हणून कागद परत येतो. पाठपोट छापायचं नाही. छापून झालं की पीडीएफची पानसंख्या आणि हातातल्या गठ्ठ्याची संख्या जुळवा. प्रिंटर मधलं एखादं पान गिळतो, आणि ते नेमकं सहीचं असतं.

निघण्याआधीचा फोन हा या कामाचा कणा आहे. पत्ता आणि वेळ विचारण्यापुरता तो नसतो. कर्जदाराला लायसन्स हातात घ्यायला सांगा आणि त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर वाचून घ्या, मुदत विचारा. घराच्या मालकीत आणखी कुणाचं नाव आहे का ते विचारा. कर्जात नसलेली पण मालकीत असलेली बायको किंवा नवरा डीड ऑफ ट्रस्टवर (घर तारण ठेवण्याच्या कागदावर) सही करतो, रद्द करण्याच्या हक्काची सूचनाही घेतो, आणि नेमका तोच माणूस त्या संध्याकाळी ऑफिसात असतो. एस्क्रोला चेक द्यायचा आहे का हेही विचारून ठेवा. वायर करायचे असतील तर खाते क्रमांक तुम्ही सांगायचे नाहीत, एस्क्रोच्या ओळखीच्या नंबरवर कर्जदारानं स्वतः फोन करून पडताळायचे. पाच मिनिटांच्या या फोननं लायसन्सचा घोटाळा घरी बसल्या कळला असता.

टेबलावर बसल्यावर कागदांचा क्रम तुमच्या सोयीनं लावा: आधी क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्जाच्या अटी आणि खर्चाचा अंतिम तक्ता), मग नोट (कर्ज फेडण्याचं लेखी वचन), डीड ऑफ ट्रस्ट, रद्द करण्याच्या हक्काची सूचना. कुणाचं काही अडणार असेल तर ते याच कागदांवर अडतं, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं बरं, शंभर सह्या झाल्यावर नव्हे.

तारखांची एक खास आपली चूक आहे. भारतात वाढलेला माणूस सवयीनं आधी दिवस लिहितो, मग महिना. ४ मार्चच्या जागी ०४/०३ पडलं की अमेरिकेत ते ३ एप्रिल होतं. पहिल्या सहीआधीच सांगा, ‘महिना आधी’, आणि पहिल्या दोन-तीन तारखा लिहिताना लक्ष ठेवा.

रद्द करण्याच्या हक्काच्या सूचनेत तारखा चुकल्या तर गंभीर होतं. राहत्या घराच्या रिफायनान्सला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात शनिवार धरतात, रविवार आणि संघीय सुट्ट्या धरत नाहीत. गुरुवारी सही झाली तर शुक्रवार, शनिवार, सोमवार, आणि सोमवारी मध्यरात्री हक्क संपतो. सही एक दिवस पुढे गेली की छापलेल्या तारखा चुकीच्या ठरतात. मग एस्क्रोला विचारून, त्यांनी सांगितलं तर खोडून कर्जदाराची आद्याक्षरं घ्या, नाहीतर नवा कागद मागवा. स्वतःच्या मनानं बदलू नका. हक्क असलेल्या प्रत्येक व्यक्तीला दोन प्रती द्यायच्या असतात. सूचना नीट दिली गेली नाही तर तो हक्क तीन वर्षांपर्यंत ताणला जाऊ शकतो, त्यामुळे या एका कागदासाठी बँका एजंटला कायमचं काढतात. आणि ४५०६-सी या आयआरएसच्या फॉर्मवर (त्यानं बँकेला कर्जदाराची कर-विवरणं मागवता येतात) खाडाखोड चालत नाही. कोऱ्या दोन प्रती जास्त छापून न्या.

नोटरीच्या दाखल्यावर ‘काउंटी’ म्हणजे सही जिथे झाली ती, घर असलेली नव्हे. तुम्ही फ्रीमाँटच्या, म्हणजे अल्मीडा काउंटीत. शेजारचं मिलपीटस सांता क्लारात. छापील दाखल्यावर चुकीची काउंटी असेल तर शिक्का मारण्याआधी खोडून बरोबर लिहा. शिक्का अक्षरांवर किंवा समासावर पडू देऊ नका. जागा नसेल तर वेगळं दाखल्याचं पान जोडा, त्याच्या वरच्या बाजूला ‘नोटरी फक्त ओळख पडताळते’ ही चौकट हवीच. ज्युरॅट (शपथेवर केलेल्या सहीचा दाखला) असेल तर सही करणाऱ्याला तोंडी शपथ द्या. शपथ न देता केलेला ज्युरॅट खोटा असतो, मग तो कितीही सुबक भरलेला असो.

जर्नलमध्ये दर सहीमागे स्वतंत्र नोंद, आणि मालमत्तेच्या कागदांसाठी व मुखत्यारपत्रासाठी उजव्या अंगठ्याचा ठसा. ठसा न घेतल्यास अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नवरा-बायको आणि चार कागद म्हणजे आठ नोंदी. त्यातला कागदाच्या नावाचा रकाना घरून भरून नेला की टेबलावरचा वेळ वाचतो. उठण्याआधी सगळा गठ्ठा एकदा पानापानानं उलटा. राहिलेल्या एका आद्याक्षरासाठी मारावी लागणारी दुसरी फेरी फुकट असते. कुरियरच्या पेटीची शेवटची उचल काउंटरपेक्षा लवकर असते, तेव्हा शक्यतो काउंटरवर द्या आणि पावतीचा फोटो ठेवा.

व्याजदराचा प्रश्न मराठी घरात जास्त येणारच. तुम्ही आपल्या भाषेत बोलता म्हणून लोक तुम्हाला घरचं माणूस समजतात. ‘ताई, तुम्ही सांगाल तिथं सही करतो’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. दर कुठल्या पानावर लिहिला आहे ते बोटानं दाखवा. बरा की वाईट, हे लोन ऑफिसर सांगेल, त्याला तिथेच स्पीकरवर फोन लावा. तो फोन उचलत नसेल तर ‘आत्ता करा सही, तीन दिवसांत रद्द करता येतं’ असं बरेच एजंट सुचवतात. तुम्ही सुचवू नका, तो कायदेशीर सल्ला झाला. थांबायचं की करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि थांबले तर तुमचे फेरीचे पैसे ठरलेले आहेतच. याच्याशी जोडून आणखी एक: मराठीत जाहिरात केलीत, अगदी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीत तरी, ‘मी वकील नाही, इमिग्रेशन किंवा इतर कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही’ ही सूचना आणि कायद्यानं ठरवलेली फी दोन्ही भाषांत द्यावी लागते.

अडकलेल्या पैशांसाठी क्रम असा ठेवा. तिन्ही कामांच्या पावत्या, ऑर्डरचा ईमेल आणि कुरियरची पोच एकत्र जोडून त्या कंपनीला दहा दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवा. मुदत गेली की ज्या एस्क्रो किंवा टायटल (मालकीहक्क तपासणाऱ्या) कंपनीचं मूळ काम होतं तिला नम्रपणे कळवा. दलालानं नोटरीचे पैसे थकवलेत हे त्यांना आवडत नाही, आणि बहुतेक वेळा इथेच पैसे सुटतात. नाहीच सुटले तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो आणि वकील लागत नाही. तोवर त्या कंपनीचं चौथं काम घेऊ नका. यापुढे पावतीत नोटरीची फी आणि प्रवास-छपाई वेगवेगळी दाखवा, आणि जर्नलमध्येही नोटरीची तीच रक्कम लिहा. कॅलिफोर्नियात ॲक्नॉलेजमेंट किंवा ज्युरॅटच्या एका सहीमागे कमाल १५ डॉलर घेता येतात. नोटरी-फीवर आयकर लागतो, पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागत नाही. बाकीच्या रकमेवर दोन्ही लागतात.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगायला हवं. नोटरीचं कमिशन चार वर्षांचं असलं तरी काम करायचा हक्क तुमच्या परवान्याच्या तारखेपुरताच आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून एकही ऑर्डर घेऊ नका, ‘फक्त नोटरीच तर करतेय’ म्हणूनसुद्धा. आपल्या ओळखीतल्या एच-१बीवाल्यांनी हे जोडकाम म्हणून सुरू करायचं म्हटलं तर त्यांना थांबवा.

मैत्रिणीचं मुखत्यारपत्र जरूर करा. मसुदा मात्र तुम्ही लिहू नका, दुरुस्तही करू नका. तो तिच्या पुण्याच्या वकिलाकडून येऊ दे. साक्षीदार किती, फोटो चिकटवायचा का, प्रत्येक पानावर सही हवी का, आणि अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र) चालेल की भारतीय वकिलातीचं साक्षांकन हवं, हे तिनं त्यालाच आधी विचारून घ्यावं. ती तुमच्यासमोर ओळखपत्रासह येईल, तुम्ही कॅलिफोर्नियाचा ॲक्नॉलेजमेंट दाखला जोडाल, जर्नलमध्ये अंगठा घ्याल. पुढे अपॉस्टिलसाठी मूळ कागद सॅक्रॅमेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जातो, कागदामागे २० डॉलर. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे. कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून पुण्याला पोचल्याची तारीख दाखवणारं कुरियरचं पाकीट टाकू नका, असं तिथे ते घेणाऱ्याला सांगायला तिला आठवणीनं सांगा.